कप्प्यात कोंडलेला पीसी

पत्र:

"सर, मी अकोल्याचा. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय १९. बारावीनंतर बाबांनी गेमिंग पीसी घेऊन दिला, त्याला आता दोन वर्षं होत आली. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, त्यावर बॉक्समधलाच कूलर, आरटीएक्स ३०६० बारा जीबी ग्राफिक्स कार्ड, सोळा जीबी रॅम, समोर काच असलेली केस. हिवाळ्यात मस्त चालत होता. आता सायबरपंक गेम लावला की पहिली पंधरा-वीस मिनिटं ऐंशी-नव्वद एफपीएस (सेकंदाला फ्रेम) मिळतात, मग पन्नासवर येतो आणि अडखळायला लागतो. पंखे पिठाच्या गिरणीसारखे ओरडतात. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सीपीयू ९०, ग्राफिक्स कार्डाचा जीपीयू ८६, त्याचा सगळ्यात गरम बिंदू म्हणजे हॉटस्पॉट १०४ दिसतं. जानेवारीत सीपीयू ७५ असायचा. एक दुकानदार म्हणतो, वॉटर कूलर बसवा, नऊ हजार. दुसरा म्हणतो, ग्राफिक्स कार्ड जायला आलंय, आताच विकून टाका. बाबा म्हणतात, गेम बंद कर, आपोआप थंड होईल. पीसी कॉम्प्युटर टेबलच्या खालच्या कप्प्यात ठेवलाय, खोलीत हवा गार करणारा कूलर आहे. काय करू?"

उत्तर:

वय कळवलंस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

बाबांचा उपाय शंभर टक्के चालेल, पण त्यासाठी तू मला पत्र लिहिलं नसतंस. दोन्ही दुकानदारांचं मात्र सध्या ऐकू नकोस. शेवटच्या ओळीत तू जाता जाता जे लिहून टाकलंस, त्यात निम्मं उत्तर आहे.

आधी काळजी मिटवतो. कार्ड जायला लागलं की स्क्रीनवर रंगीत ठिपके नाहीतर पट्टे दिसतात, ड्रायव्हर क्रॅश होतो, गेम चालू असताना डिस्प्ले काळा पडतो. वीस मिनिटं नीट चालून मग मंदावणारं कार्ड धडधाकट आहे, त्याला उकडतंय इतकंच. या चिप्सच्या आत तापमान मोजणारे सेन्सर असतात. तुझ्या ५६०० ला एएमडीने ९० अंशांची मर्यादा घालून दिली आहे. तिथे पोचला की तो आपला वेग आणि व्होल्टेज स्वतःच उतरवतो. ३०६० ची कमाल मर्यादा ९३ आहे, पण ८३ च्या आसपासच ते बूस्ट, म्हणजे वाढीव वेग, कमी करायला लागतं. एफपीएस पडतात ते यामुळे. त्यामुळे पीसी जळून जाईल ही भीती सोड. फुकट काहीच जात नाही असं मात्र नाही. सतत तापलेल्या हवेत पंख्यांची बेअरिंगं आणि पॉवर सप्लायमधले कपॅसिटर लवकर म्हातारे होतात. तेव्हा दुरुस्ती करायचीच आहे, घाबरून नको एवढंच.

आता तुझेच आकडे घेऊन थोडं गणित करू. पंखा कितीही मोठा असला तरी चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. चिप खोलीच्या तापमानापेक्षा किती अंश वर राहणार, हे तिचा वॅटेज आणि वरचा कूलर मिळून ठरवतात. खोली दहा अंशांनी तापली की चिपही जवळजवळ दहाच अंशांनी तापते. जानेवारीत तुझी खोली २२-२३ ची धरू. चिप ७५, म्हणजे फरक सुमारे ५२. आता मे आहे, बाहेर ४४ आणि कूलर लावूनही खोलीत ३२-३३. त्यात ५२ मिळवले की ८५ येतात. तू बघतोयस ९०. बरं, हे ९० सुद्धा खरे नव्हेत, कारण तिथे चिप स्वतःला आवरून धरतेय. तिला मोकळं सोडलं असतं तर आकडा आणखी वर गेला असता. दहा अंश उन्हाळ्याच्या खात्यावर टाकले तरी वरचे पाच-सात उरतात. ते बहुतेक जानेवारीपासून साठलेल्या धुळीचे. आणि कप्पा? तो तर हिवाळ्यातही होता, त्यामुळे त्याचा वाटा त्या ५२ मध्येच दडून बसलाय. उन्हाळ्याचं आपण काही करू शकत नाही. बाकी दोन्ही परत मिळवता येतात, आणि जवळजवळ फुकटात.

कप्प्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण अशी दहा पत्रं आली तर निदान चारांमध्ये हाच कप्पा निघतो. ही टेबलं बनायला लागली तेव्हा घरचा कॉम्प्युटर टायपिंग आणि पत्त्यांच्या डावापुरता होता. तुझं एकटं ग्राफिक्स कार्ड १७० वॅट खातं. प्रोसेसर आणि बाकीचं सामान धरून गेम खेळताना अडीचशे-पावणेतीनशे वॅट होतात, आणि त्यातला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता बनूनच बाहेर पडतो. पूर्वीचे पिवळे शंभरचे बल्ब आठवतात का? नसतील आठवत, आजीला विचार. तसे अडीच बल्ब त्या लाकडी खोक्यात तासन् तास जळतायत असं समज. मागचा पंखा गरम हवा बाहेर टाकतो, ती प्लायवूडवर आपटते, बाजूने वळून पुढे येते आणि समोरचे पंखे तीच परत आत ओढतात. गेम सुरू करून अर्ध्या तासाने केसच्या मागे हात घालून बघ. तिथली हवा खोलीची राहिलेली नसते. वरून आईने क्रोशाचं कव्हर घातलं असेल तर तेही काढ. आईला दुखवायचं नसेल तर ते मॉनिटरवर घालायला सांग, तेही मॉनिटर बंद असताना.

एकही पैसा घालण्याआधी तीन वेळा माप घे. वही-पेन घेऊन बस. प्रत्येक वेळी गेममध्ये तीच जागा, तीच सेटिंग, पंचवीस मिनिटं, आणि खोलीत भिंतीवरचं साधं थर्मामीटर. पाच मिनिटं खेळून आकडे घेतलेस तर काही उपयोग नाही, हीटसिंक, म्हणजे चिपवरचा धातूचा ठोकळा, तापायलाच तेवढा वेळ लागतो. पहिलं माप पीसी आहे तसा कप्प्यात ठेवून. दुसरं, तो बाहेर काढून स्टुलावर ठेवून, मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडून, सगळी झाकणं लावलेली. तिसरं, त्याच जागी बाजूची काच काढून. दर वेळी सीपीयू, जीपीयू, हॉटस्पॉट आणि जीपीयूचा क्लॉक, म्हणजे त्याचा वेग, लिही. क्लॉक विसरू नकोस, अंशांपेक्षा तो जास्त बोलका असतो. सुरुवातीला १९०० च्या आसपास मेगाहर्ट्झ आणि वीस मिनिटांनी १६०० झाले, तर गळती तिथेच आहे. एचडब्ल्यूइन्फोच्या जीपीयूच्या भागात 'परफॉर्मन्स लिमिट – थर्मल' अशी ओळ असते. तिथे 'येस' आलं की शंकेला जागा उरली नाही.

दुसऱ्या मापात मोठा फरक पडला तर आरोपी कप्पा. तिसऱ्यात, काच काढल्यावर आणखी सात-आठ अंश उतरले तर केसला श्वास मिळत नाहीये. समोर काच लावलेल्या केसमध्ये हे फार होतं. आतले तीन आरजीबी, म्हणजे रंगीत दिव्यांचे, पंखे दिसतात झकास, पण त्यांना हवा मिळते ती काचेच्या कडेच्या बोटभर फटीतून. काच काढूनही सीपीयू ढिम्म हलला नाही, तर अडचण कूलरपाशी आहे. तिथे एकतर धूळ आहे, नाहीतर पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) वाळली आहे.

काच काढल्यावर बरं चाललं म्हणून ती कायमची काढून आत टेबल फॅन सोडू नकोस. मे संपेपर्यंत चालून जाईल, पण वऱ्हाडातली धूळ महिनाभरात आत गादी घालते.

ती धूळ बघच एकदा. प्रोसेसरवरच्या छोट्या गोल कूलरचा पंखा वरून स्वच्छ दिसतो, म्हणून सगळे फसतात. मोबाईलचा टॉर्च लावून पात्यांच्या मधून खाली बघ. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या तोंडाशी राखाडी लोकरीसारखा थर बसलेला असतो, नखाने उचलला तर अख्खा तुकडा निघून येतो. तुमच्या भागात त्यात कापसाचे तंतू असतात, त्यामुळे तो नुसता भुरभुरीत राहत नाही, विणल्यासारखा घट्ट होतो. पंखा जोरात फिरतो, गिरणीसारखा ओरडतो, आणि हवा त्या थरावर आपटून परत फिरते. स्वयंपाकघर शेजारी असेल तर फोडणीची वाफ आणि देवघर जवळ असेल तर उदबत्तीचा धूर मिळून हा थर चिकट होतो. असा थर ब्लोअरने जात नाही, मऊ ब्रशला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून सोडवावा लागतो.

साफसफाई गच्चीवर कर, नाकाला रुमाल बांधून. आधी पीसी बंद, मागची पिन काढलेली, मग पॉवर बटण पाच-सात सेकंद दाबून धर म्हणजे उरलासुरला करंट निघून जाईल. दुकानदार वापरतात तसा हातातला ब्लोअर कुणाकडून तरी मागून आण. हवा मारताना प्रत्येक पंखा बोटाने धरून ठेव. ब्लोअरच्या झोताने पंखे भन्नाट फिरतात, बघायला मजा येते, पण बेअरिंगची वाट लागते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नकोस, त्याच्या प्लास्टिकच्या तोंडाशी स्टॅटिक साठतं. ओलं फडकं तर अजिबात नको. पॉवर सप्लायच्या खालची जाळी बहुतेक लोक विसरतात. ती सरकवून बाहेर येते, धुवून पूर्ण वाळवून परत लाव. पॉवर सप्लाय स्वतः उघडायचा नाही, बंद असला तरी नाही.

गच्चीवर आहेसच तर पंख्यांच्या दिशाही तपासून टाक. पंख्याची मोकळी बाजू हवा ओढते आणि जिथे प्लास्टिकच्या आडव्या काड्यांची चौकट दिसते तिकडून ती बाहेर पडते. समोरच्यांनी आत ओढायचं, मागच्याने बाहेर टाकायचं. खात्री करायची तर घरात आणून पीसी चालू कर आणि केसबाहेर थोडं लांब उदबत्ती धर, धूर कुठे जातो ते दिसेल. माझ्या एका भाच्याच्या पीसीत मागचा पंखाही आत ओढत होता. जोडणाऱ्याने वर्षभरापूर्वी उलटा बसवलेला, आणि एवढ्या काळात त्याने गेम सोडून बाकी सगळ्याला दोष दिला.

एवढं करून परत माप घे. माझा अंदाज, इथेच तुझं काम होईल. नाहीच झालं तर पेस्ट.

पेस्ट बदलणं अवघड नाही, पण तुझ्या सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेत, एक खोच आहे आणि ती मी स्वतःच्या खर्चाने शिकलोय. तुझं सॉकेट एएम४, त्यात पिना प्रोसेसरला असतात. जुनी पेस्ट गोंदासारखी धरून बसते आणि कूलर सरळ वर ओढला की लॉक न उघडताच प्रोसेसर त्याच्यासोबत उपटून येतो. माझा आला होता. कूलर उलटा करून बघतो तर तळाला प्रोसेसर चिकटलेला, कडेच्या दोन पिना वाकलेल्या. पॉइंट फाइव्हच्या मेकॅनिकल पेन्सिलीचं शिस काढून टाकलं, तिचं रिकामं टोक एकेका पिनेवर चढवून ती सरळ केली आणि तेवढा वेळ श्वास घेतला की नाही ते आठवत नाही. म्हणून तू आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालव, पेस्ट मऊ होऊ दे. मग बंद करून, पिन काढून लगेच स्क्रू सोडव, एक पूर्ण काढून मग दुसरा असं नाही, समोरासमोरचे थोडे थोडे. पंख्याची वायर काढ. कूलर वर ओढण्याआधी डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळ. सुटल्याचं हाताला कळतं.

जुनी पेस्ट अल्कोहोल लावलेल्या कापडाने दोन्हीकडून पूर्ण पुसून काढ. नवी मधोमध, वाटाण्याएवढी. भाकरीला लोणी फासल्यासारखी फासू नकोस, कूलरचा दाब ती पसरवतो. पेस्टऐवजी टूथपेस्ट चालते असं कुणी सांगितलं तर हसून सोडून दे, ती चार दिवसांत वाळून खडू होते.

ग्राफिक्स कार्डची पेस्ट मात्र आत्ता बदलू नकोस. हॉटस्पॉट आणि जीपीयूमध्ये दहा-पंधरा अंशांचा फरक नेहमीचाच. तुझा अठरा आहे, थोडा जास्त, पण घाबरण्याइतका नाही. धूळ काढल्यावरही तो पंचवीसच्या पुढे गेला तर पेस्टचा संशय घ्यायचा. कार्डाला बऱ्याचदा तीन वर्षांची वॉरंटी असते. बिल शोध, तारीख बघ, आणि वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूला हात न लावता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखव.

आता सॉफ्टवेअर. पहिलं काम, एफपीएसला लगाम. तो एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधून दोन मिनिटांत लावता येतो. सायबरपंकसारख्या गेमला ७० चा लगाम लाव. नव्वदवरून पन्नासवर आपटण्यापेक्षा सलग सत्तर डोळ्यांना कितीतरी बरे वाटतात. व्हॅलरंटसारखा हलका गेम खेळत असशील तर तिथे लगाम नसताना अडीचशे-तीनशे फ्रेम निघतात. तुझा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेम दाखवणारा, असेल तर त्यावरच्या सगळ्या फ्रेम म्हणजे खोली तापवायचा कारखाना. स्पर्धेत उतरणारे काही जण यावर माझ्याशी वाद घालतील. घालू देत, त्यांच्या खोलीत एसी असतो.

दुसरं अंडरव्होल्टिंग. नाव भारदस्त आहे, गोष्ट सोपी. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक चिपला कंपनी थोडं जास्तच व्होल्टेज देते, कारण सगळ्यात मठ्ठ चिपही त्यावर चालली पाहिजे. तुझी चिप तेवढी मठ्ठ नसेल तर ती कमी व्होल्टेजवर तोच वेग देते आणि कमी तापते. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर उघडून कंट्रोल आणि एफ दाबलंस की व्होल्टेज आणि वेगाचा आलेख येतो. ३०६० साठी सुरुवात ८७५ मिलिव्होल्टला १८०० मेगाहर्ट्झपासून कर. तो बिंदू तिथे आण, त्याच्या उजवीकडचे सगळे त्याच उंचीवर सपाट कर, लागू कर. तासभर गेम चालला तर बरं, अडकला तर थोडं व्होल्टेज वाढव. प्रत्येक कार्ड निराळं, त्यामुळे मित्राचा आकडा जसाच्या तसा उचलू नकोस. यात काही मोडत नाही, फार तर गेम बंद पडतो. 'विंडोज सुरू होताच लागू कर' ही खूण मात्र दोन-चार दिवस नीट चालल्याशिवाय लावू नकोस. प्रोसेसरसाठी बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) ४५ वॅटचा इको मोड सापडला तर मेपुरता तो लावून बघ. गेममध्ये फरक फारसा जाणवत नाही.

वॉटर कूलर का नको, ते सांगतो. त्यातलं पाणी फक्त प्रोसेसरची उष्णता रेडिएटरपर्यंत नेतं. रेडिएटर ती टाकणार कुठे? त्याच कप्प्यात. ग्राफिक्स कार्ड, जे सगळ्यात जास्त तापतंय, त्याला त्या पाण्याचा थेंब लागत नाही. उलट रेडिएटर समोर बसवला तर कार्डाला मिळणारी हवा आधीच कोमट झालेली. वर पंप कधीतरी थकतोच. सगळं करूनही सीपीयू ८५ च्या खाली येईना, तर नऊ हजारांऐवजी चार हीटपाइपवाला (उष्णता वर नेणाऱ्या चार नळ्यांचा) साधा टॉवर कूलर घे, १२० मिलिमीटर पंख्याचा. त्याला याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पैसे पडतील. हे कूलर दीडशे-एकशे साठ मिलिमीटर उंच असतात, तेव्हा केसमध्ये किती उंची मावते ते आधी बघ. नाहीतर काच लागणार नाही आणि मला परत पत्र येईल.

खोलीतल्या कूलरचं एक राहिलं. तो लावच, खोली जितकी उतरेल तितकी चिप उतरते, हे वर आलंच. पण पीसी त्याच्या थेट झोतात नको. कूलरच्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात आणि बोअरच्या पाण्याचा क्षार पट्ट्यांवर पांढरा बसतो. खिडकीतला कूलर समोर असेल तर पीसी बाजूच्या भिंतीला ठेव. समोरची दुसरी खिडकी किंवा दार थोडं उघडं असू दे, नाहीतर खोली दमट होते आणि थंडावाही येत नाही.

हे सगळं करून तापमान सत्तर-पंचाहत्तरमध्ये आलं, क्लॉकही टिकला, आणि तरी एफपीएस पन्नासच राहिले, तर दुखणं दुसरं आहे. मग सोळा जीबी रॅमची एकच काडी आहे की आठ-आठच्या दोन, आणि बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू आहे का, हे बघ. दुकानदार एक काडी लावून देतात आणि रायझनला ते सोसत नाही.

तिन्ही मापांची वहीतली पानं मला पाठव. बाबांनाही दाखव, नऊ हजारांऐवजी पेस्टची एक ट्यूब म्हटलं की गेमबद्दलचं त्यांचं मत जरा सैल होईल. आणि रिकाम्या कप्प्यात या सेमिस्टरची पुस्तकं ठेव. त्यांना खेळती हवा लागत नाही.